डेटा स्ट्रक्चर्सच्या मोठ्या वर्गात गटाने शिकणे कसे बसवावे?

प्रश्न : एरंडवणेकर

नमस्कार. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स (संगणकात माहितीची मांडणी कशी करावी) हा विषय शिकवते. एका डिव्हिजनमध्ये सत्तरच्या वर विद्यार्थी आहेत. त्यांत बारावीनंतर आलेले आहेत, तसेच डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेलेही आहेत. फळ्यावर लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घटकात (नोडमध्ये) पुढच्या घटकाचा पत्ता असलेली यादी, काढून दाखवली, कोड लिहून दाखवला आणि ‘समजले का?’ असे विचारले की सगळा वर्ग होकार देतो. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मधला नोड काढून टाकण्याचे फंक्शन स्वतः लिहायची वेळ आली की मात्र निम्म्या बॅचचे हात थांबतात. मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरचा किंवा चॅटजीपीटीने लिहून दिलेला प्रोग्रॅम सगळ्यांच्या जर्नलमध्ये उतरतो.

येत्या सत्रात व्याख्यानाचा काही वेळ काढून विद्यार्थ्यांना वर्गातच लहान गटांत विचार करायला लावावे, असे माझ्या मनात आहे. गटाने काम देण्याची पद्धत आमच्याकडे नवी नाही. विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, म्हणजे प्रकल्प करून शिकणे, आले, तेव्हापासून चार-पाच जणांचे गट होतच आहेत. पण त्यात एक जण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट टाइप करतो, तिसरा प्रेझेंटेशन तयार करतो आणि उरलेले ओरलच्या आदल्या रात्री सगळे पाठ करून येतात. कामाची अशी वाटणी झाली की काम पुरे होते, पण शिकणे ज्याच्या-त्याच्या वाट्यापुरतेच राहते. तासाला हे होऊ द्यायचे नसेल तर नेमके काय वेगळे करावे लागते, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

शिवाय आमचे बाक जमिनीला पक्के बसवलेले आहेत, सत्राअखेरची लेखी परीक्षा डोक्यावर असते, आणि पोर्शन वेळेत संपला नाही तर विभागात विचारणा होते. या सगळ्यात राहून कुणी ही पद्धत चालवली असेल, तर कृपया तपशिलाने लिहावे.

उत्तर : धनकवडीकर

मॅडम, वर्ग होकार देतो आणि प्रॅक्टिकलला हात थांबतात, हा अनुभव हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांनाही आला होता. त्यांचे विद्यार्थी मोठमोठी गणिते सोडवत, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांवर अडखळत. त्यातून त्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गातच विद्यार्थ्यांनी एकमेकांना पटवून देण्याची जी पद्धत बसवली, ती पुढे संगणकशास्त्राच्या वर्गांतही आली. मीही तीच वापरतो. तिचा सगळा भार प्रश्नावर असतो. गट किती जणांचा आणि कोण कुठे बसले आहे, याला त्यामानाने फार कमी महत्त्व आहे.

तुमच्याच विषयातला एक प्रश्न सांगतो. लिंक्ड लिस्टमध्ये 10, 20 आणि 40 असे नोड आहेत आणि 20 नंतर 30 घालायचा आहे. योग्य क्रम असा की आधी 30 च्या नेक्स्टमध्ये (पुढच्या नोडचा पत्ता ठेवण्याच्या जागेत) 20 चा नेक्स्ट ठेवायचा, आणि मग 20 च्या नेक्स्टमध्ये 30 चा पत्ता ठेवायचा. या दोन ओळींची अदलाबदल केली आणि मग यादी छापली, तर काय दिसेल? मी चार पर्याय देतो. पहिला, 10, 20, 30, 40 असे सगळे नीट छापले जाईल. दुसरा, 10, 20, 30 छापून प्रोग्रॅम थांबेल. तिसरा, 10, 20 छापल्यावर 30 अखंड छापला जात राहील. चौथा, 30 दिसणारच नाही. उत्तर तिसरे आहे, कारण दुसरी ओळ चालते तेव्हा 20 च्या नेक्स्टमध्ये आधीच 30 चा पत्ता बसलेला असतो, आणि 30 स्वतःकडेच बोट दाखवू लागतो. चुकीचे पर्यायही उगाच घातलेले नाहीत. पहिला निवडणाऱ्याला ओळींच्या क्रमाचे महत्त्व कळलेले नाही. दुसरा निवडणाऱ्याला 40 कडे जाणारा दुवा तुटला एवढे कळले आहे, पण नेक्स्टमध्ये प्रत्यक्ष कोणती किंमत उरली हे त्याने पाहिलेले नाही. मते मोजली की वर्ग कुठे अडला आहे ते तिथल्या तिथे कळते.

तासाला याचा क्रम असा असतो. पहिली दोन मिनिटे कुणीही बोलायचे नाही. प्रत्येकाने वहीत चौकोन आणि बाण काढून स्वतःचे उत्तर ठरवायचे. मग सगळ्यांनी एकाच वेळी मत द्यायचे. बरोबर उत्तर देणारे साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चेत खरा अर्थ असतो. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावून द्यावी लागते, आणि जास्त असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जावे. चर्चेपूर्वी बरोबर उत्तर सांगू नये, आणि कोणत्या पर्यायाला किती मते पडली तेही दाखवू नये, नाहीतर गट कारण शोधण्याऐवजी बहुमताकडे वळतो. तीन-चार मिनिटे चर्चा झाली की पुन्हा मत घ्यावे, आणि त्यानंतर आपण बोलावे. पहिली दोन शांत मिनिटे वेळ वाचवण्यासाठी कधीही गाळू नयेत, कारण ज्याने स्वतः उत्तर ठरवलेलेच नाही त्याच्याकडे चर्चेत मांडण्यासारखे काही नसते, आणि तुम्ही म्हणता ती वाटणी तिथूनच सुरू होते.

पक्क्या बाकांची अडचण सुटण्यासारखी आहे. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचे, म्हणजे चौघांचा गट होतो. मतांसाठी महाग यंत्रे लागत नाहीत. प्लिकर्स नावाच्या ॲपसाठी प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचे असते, विद्यार्थी ते आपल्या उत्तराप्रमाणे फिरवून धरतात, आणि शिक्षकाच्या एका मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळी मते टिपली जातात. वर्गात इंटरनेट धड नसेल तर छातीशी धरलेली बोटेही पुरतात.

हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उचलतात, ही शंका वाजवी आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात जीवशास्त्राच्या वर्गात हीच शंका तपासली गेली आणि तो अभ्यास 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला, तेव्हाही बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढलेले दिसले. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हते, तिथेही सुधारणा झाल्याचे त्यांनी दाखवले. संगणकशास्त्रापुरते पाहायचे तर सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ही पद्धत वापरलेल्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी 20 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या जवळचे उदाहरण आयआयटी मुंबईचे आहे. तिथे प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने आणि शेवटी सगळ्या वर्गाने विचार करण्याची रीत अभ्यासली गेली, आणि त्या कृतींच्या वेळी सरासरी 83 टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा अभ्यासही 2013 चाच आहे.

उत्तर : लॅबवाले सर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त प्रॅक्टिकलबद्दल लिहितो, कारण कोडची खरी परीक्षा तिथेच होते.

मी बॅचमधल्या विद्यार्थ्यांना एका संगणकावर दोघे असे बसवतो. एकाच्या हातात कीबोर्ड असतो. दुसऱ्याने पुढची पायरी सांगायची, चुका पकडायच्या आणि कागदावर नोडचे चित्र हलवत राहायचे. साधारण पंधरा मिनिटांनी मी मोठ्याने सांगून भूमिका बदलायला लावतो. हे विद्यार्थ्यांवर सोडले तर ज्याचा टायपिंगचा हात चांगला आहे तो कीबोर्ड सोडत नाही. उद्योगक्षेत्रात ही पद्धत 1990 च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात लॉरी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विद्यार्थ्यांवर अभ्यासली. जोडी लावताना ‘हुशाराबरोबर कच्चा’ असा विचार आपल्या मनात पटकन येतो, पण माझ्या पाहण्यात जवळपास सारख्या तयारीचे दोघे एकत्र असले की दोघेही बोलतात. फार अंतर असले की एक जण शिकवणी घेऊ लागतो आणि दुसरा मान डोलावतो.

तपासणीच्या वेळी मी प्रोग्रॅमचे आउटपुट पाहत बसत नाही. जोडीतल्या कुणाही एकाला बोलावतो आणि त्यांच्याच कोडमध्ये एक बदल करायला सांगतो. यादी उलट क्रमाने छाप, किंवा शेवटचा नोड काढताना हेड (पहिल्या नोडचा पत्ता) रिकामे असेल तर काय होईल ते चालवून दाखव, एवढेच विचारतो. दुसरा त्या वेळी गप्प बसतो, आणि मिळालेले गुण दोघांनाही लागतात. आपल्या जोडीदाराला समजले आहे की नाही याची काळजी त्यामुळे विद्यार्थी आपणहून घेऊ लागतात. बाहेरून आणलेला कोडही इथे उघडा पडतो, कारण तो चालतो पण बदलता येत नाही.

उत्तर : हिंजवडीकर

मी शिक्षक नाही. पुण्यातून संगणक अभियांत्रिकी करून आता सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट इथे यावी म्हणून लिहीत आहे.

मी परभणी जिल्ह्यातून, मराठी माध्यमातून शिकून डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलो. सत्र सुरू झाले तेव्हा वर्गातल्या मुलांच्या ओळखी, व्हॉट्सॲप ग्रुप आणि बसण्याच्या जागा आधीच्या वर्षीच ठरून गेल्या होत्या. सरांनी गट करायला सांगितले की दोन मिनिटांत गट होत, आणि आम्ही उशिरा आलेले जे कुठेच नसत ते उरलेल्या जागांवर वाटले जात. अशा गटात आम्हाला कामही उरलेलेच मिळे. पॉइंटर (पत्ता साठवणारे चल) मला येत होता, कारण डिप्लोमाला सी भाषा नीट झाली होती. पण तो येतो हे इंग्रजीत सांगण्याचे धाडस नव्हते, आणि गटातल्या कुणी विचारलेही नाही. मॅडम, गट तुम्ही स्वतः करा, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी एखाद्या गटात एकटा पडणार नाही, किमान दोघे तरी एकत्र असतील, एवढे पाहा. मुलींच्या बाबतीतही हेच पाहावे, असे मला वाटते.

दुसरे भाषेबद्दल. आमच्या एका मॅडमनी चर्चा मराठीत किंवा हिंदीत, जशी जमेल तशी करा, असे स्पष्ट सांगितले होते. शेवटी गटाने आपले कारण एका इंग्रजी वाक्यात लिहून द्यायचे, एवढीच त्यांची अट होती, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. ‘अरे, तो पत्ता आधीच पुसला गेला ना, मग चाळीसपर्यंत जाणार कसा?’ असे मी पहिल्यांदा त्या तासाला बोललो, आणि समोरच्याने माझ्या वहीतले चित्र आपल्याकडे ओढून पाहिले. ते वाक्य इंग्रजीत जुळवत बसलो असतो तर चर्चा तोवर पुढे गेली असती. आज कामावर डिझाइनची चर्चा इंग्रजीत करतो, पण कारण देण्याची आणि मागण्याची सवय त्या तासांतच लागली.

उत्तर : औंधचे निवृत्त प्राध्यापक

या पद्धतीविषयी मला आदर आहे, पण उत्साहाच्या भरात व्याख्यान मोडीत काढले जाऊ नये, म्हणून हे लिहितो. ज्याला विषयातले काहीच ठाऊक नाही अशा विद्यार्थ्यांच्या गटापुढे कोरा प्रश्न टाकून ‘शोधून काढा’ म्हटले, तर ते फार तर एकमेकांचे गैरसमज पक्के करतात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी 2006 मध्ये याच मुद्द्यावर सविस्तर लेख लिहिला होता. नवशिक्याला मार्गदर्शनाविना सोडले तर त्याच्या कार्यस्मृतीवर (एका वेळी मनात धरून काम करण्याच्या क्षमतेवर) इतका भार पडतो की शिकायला जागाच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एव्हीएल ट्रीचे (स्वतःचा समतोल राखणाऱ्या वृक्षरचनेचे) रोटेशन पहिल्यांदा शिक्षकानेच फळ्यावर, सावकाश, एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवले पाहिजे. त्यानंतर दुसऱ्या उदाहरणातल्या काही पायऱ्या गाळून त्या गटाला भरायला द्याव्यात. धनकवडीकरांनी दिलेला प्रश्नही, नोड घालण्याची योग्य रीत आधी शिकवलेली आहे म्हणूनच उपयोगी पडतो.

आणखी एक सूचना करतो. विद्यार्थ्यांकडून येणारा अभिप्राय या काळात जपून वाचावा. हार्वर्डमध्येच 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सक्रिय पद्धतीने बसवलेल्या तासात विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, कारण अस्खलित व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते आणि डोके चालवताना अडखळणे जाणवते. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आणि विभागप्रमुखांना सत्राच्या आरंभीच सांगून ठेवावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : एरंडवणेकर

सर्वांचे मनापासून आभार. गट मीच करणार आहे, आणि हिंजवडीकरांनी सांगितलेली गोष्ट त्यात प्रथम पाहीन. आमच्या डिव्हिजनमध्ये ती अडचण नक्की आहे आणि हजेरीच्या यादीवरून गट पाडले असते तर ती तशीच राहिली असती. प्राध्यापक सरांच्या सूचनेप्रमाणे नवी संकल्पना आधी स्वतः शिकवून मगच प्रश्न देईन. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एका तासात असे दोन प्रश्न घेतले तर वीस मिनिटे जातात, मग पोर्शनचे काय करावे? आणि या चर्चेला गुण द्यावेत का?

हॅशिंगसाठी (आकड्यावरूनच त्याची साठवण्याची जागा काढण्याच्या पद्धतीसाठी) मी एक प्रश्न तयार केला आहे, तो पाहून कृपया मत द्यावे. टेबल दहा जागांचे आहे, दहाने भागून उरणारी बाकी ही जागा, आणि लिनिअर प्रोबिंग, म्हणजे ती जागा भरलेली असेल तर त्यापुढची पाहणे, वापरले आहे. 23, 43 आणि 13 हे आकडे या क्रमाने घातले, मग 43 काढला आणि त्याची जागा रिकामी अशी नोंदवली. आता 13 शोधला तर तो सापडेल का, आणि किती जागा पाहून निर्णय होईल?

उत्तर : धनकवडीकर

प्रश्न उत्तम आहे. तिन्ही आकडे 3 या जागेवर येतात, म्हणून 23 तिथे, 43 चौथ्या आणि 13 पाचव्या जागी बसतो. 43 काढल्यावर शोध चौथ्या जागी रिकामे पाहून थांबतो, आणि पाचव्या जागी असलेला 13 ‘नाही’ ठरतो. ‘सापडेल, तीन जागा पाहून’ आणि ‘सापडणार नाही, दोन जागा पाहून’ हे दोन पर्याय ठेवलेत की वर्ग जवळपास निम्मा-निम्मा विभागेल, असा माझा अंदाज आहे. तिसरा पर्याय ‘थेट पाचव्या जागी सापडेल’ असा ठेवा. हॅश फंक्शनने पत्ता एकदम मिळतो, तर प्रोबिंग कशाला, असा समज असलेले विद्यार्थी तो निवडतील. काढलेल्या जागेवर वेगळी खूण का ठेवावी लागते, हे दुसऱ्या मतदानानंतर वर्गातूनच कुणीतरी सुचवेल. तोवर तुम्ही ते सांगू नका.

पोर्शनबद्दल सांगायचे तर सगळ्याच तासांना ही पद्धत लावायची गरज नाही. व्याख्या, प्रकार, उपयोग आणि फायदे-तोटे हा भाग विद्यार्थी पुस्तकातून वाचू शकतात आणि परीक्षेत लिहूही शकतात. तो आधल्या दिवशी वाचायला द्या आणि तासाला पाच मिनिटांत त्याची उजळणी करा. वाचलेला वेळ पॉइंटर, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे), ट्रीमधून नोड काढणे, हॅशिंगमधली टक्कर अशा प्रत्येक वर्षी अडणाऱ्या जागांना द्या. प्रत्येक युनिटमध्ये असे दोन-तीन प्रश्न सुरुवातीला पुरतात.

गुणांच्या बाबतीत माझे मत असे आहे की वर्गातल्या मताला बरोबर-चूक म्हणून गुण देऊ नयेत. दिले की विद्यार्थी शेजाऱ्याचे कार्ड पाहून आपले फिरवतात आणि तुम्हाला मिळणारी माहिती खोटी होते. टर्मवर्कमधला (सत्रभराच्या कामाच्या गुणांमधला) लहानसा भाग सहभागासाठी ठेवा. गटाच्या शिकण्याला गुण द्यायचेच असतील तर युनिटअखेर एक छोटी चाचणी आधी प्रत्येकाने एकट्याने द्यायची, तो कागद गोळा करायचा, आणि लगेच तीच चाचणी गटाने मिळून सोडवायची. लॅरी मायकेलसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात ही रीत सुरू केली. मी त्यात एकट्याच्या कागदाला जास्त आणि गटाच्या कागदाला कमी वजन देतो. एकट्याने न आलेला प्रश्न गटात सुटला की विद्यार्थी आपला आधीचा कागद परत मागतो आणि नेमकी कोणती पायरी चुकली ते शोधतो. तो कागद त्याला त्याच तासात द्यावा. आठवड्याने दिला तर त्याचा उपयोग राहत नाही.